दोन हातांची वाघीण

“तुमचा उजवा हात मोकळा आहे ना?”

मी डोळे मिटून पडलो होतो. झोप लागलेली नव्हती, पण लागल्यासारखं दाखवायची मला सवय झाली होती. डायलिसिसच्या खोलीत डोळे उघडे दिसले की कुणीतरी बोलायला येतं.

“अहो, तुम्हालाच विचारतेय. जागे आहात तुम्ही. पापण्या हलतायत.”

मी डोळे उघडले. उजवीकडच्या खाटेवर साठी ओलांडलेल्या एक बाई होत्या. पांढरे, बारीक कापलेले केस आणि जाड भिंगांचा चष्मा. आधीच्या आठवड्यापर्यंत त्या खाटेवर एक म्हातारे गृहस्थ असायचे. ते आता येत नव्हते, आणि का येत नाहीत हे तिथं कुणी कुणाला विचारत नसे.

माझ्या डाव्या हातात दोन सुया होत्या. एका नळीतून रक्त मशीनमध्ये जायचं, दुसरीतून धुऊन परत यायचं. चार तास तो हात उशीवरून हलवायचा नाही. बाईंचा उजवा हात तसाच अडकलेला. त्यामुळे माझं मशीन माझ्या डावीकडे, त्यांचं त्यांच्या उजवीकडे, आणि मध्ये आमचे दोन मोकळे हात. बाईंनी जेवणाची ट्रॉली त्या मधल्या जागेत ओढून घेतली होती. तिच्यावर स्टीलच्या ताटात राखाडी प्लॅस्टिकची एक चौकट होती आणि चौकटीला बारीक बारीक तुकडे लटकत होते.

“ही फक्त धरा. मी कापते. डाव्या हाताने कापायला गेलं की ती पळते.”

“काय आहे हे?”

“वाघीण.”

पलीकडे कुणाचंतरी ब्लडप्रेशर घेणाऱ्या शबाना सिस्टर हसल्या. “रूथबाई, वाघीण कुठली आणलीत वॉर्डात?”

“मालगाडीचा डबा गं. त्याला वाघीण म्हणतात. ही छोट्या गाडीची आहे, दोन-अडीच फुटांच्या रुळांवरची. सुटे भाग येतात, ते जोडायचे आणि रंगवायचे.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “धरताय ना?”

“बाई, राहू द्या. दमलोय मी.”

“इथं कोण ताजातवाना आहे? दमलेला हात चालेल मला.”

नाही म्हणायलाही त्राण लागतं. मी चौकट धरली. बाईंनी डाव्या हाताने नेलकटर उचललं, जीभ दातांत धरून एक तुकडा कापला. तो टण्णकन उडाला आणि कुठंतरी खाली गेला. शबाना सिस्टर कपाळाला हात लावून खाटांखाली वाकल्या. शेवटी वजनकाट्याच्या मागं सापडला. तांदळाच्या दाण्याएवढा होता.

“काय आहे हा?” मी विचारलं.

“दाराची कडी.”

एवढ्याशा डब्याला दार आणि दाराला कडी. मला खरं तर हसू यायला हवं होतं. मी पुन्हा डोळे मिटले, पण चौकट सोडली नाही.

ही मिरजेतली गोष्ट. मी तेव्हा अडतीस वर्षांचा होतो. मालगाव रस्त्याला माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी लोक आणून टाकायचे, मी जुनी तार काढून नवी भरायचो. केसासारखी तांब्याची तार बोटांनी वेटोळी करत बसायचं, दिवसच्या दिवस. मग एका हिवाळ्यात पाय सुजायला लागले, जेवण नकोसं झालं, आणि डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही किडन्या गेल्यात. तेव्हापासून मंगळवार आणि शुक्रवार दवाखान्याचे झाले. डायलिसिस झालं की उरलेला दिवस नुसता पडून असायचो. दुसऱ्या दिवशी जरा माणसात यायचो, आणि तिसऱ्या दिवशी अंगात पुन्हा पाणी साठायला लागायचं. दुकान उघडायचो ते नावाला. दुखण्यापेक्षा त्या ये-जा करण्यानेच मी जास्त खचलो होतो. याला शेवट नाही, हे एकदा कळलं की माणूस आतून बसतो.

माझी बायको सन्मती. तिचा आणि माझा रक्तगट एकच निघाला, तेव्हाच तिने सांगून टाकलं होतं, “माझी घ्या की. मला दोन आहेत.” जणू शेजारणीला वाटीभर साखर द्यायचीय. मी नको म्हणालो. तिने पुन्हा विषय काढला, मी पुन्हा नको म्हणालो. नंतर नंतर मी तिथून उठून जायला लागलो. कारण मी कधी सांगितलं नाही, आणि मला स्वतःलाही ते धड मांडता आलं नसतं. पोर पाचवीत होती. एकाचं शरीर बिघडलंच होतं. दुसऱ्याचंही कापायचं, आणि मग तिला काही झालं तर? आणि मुळात, उरलेलं सगळं आयुष्य रोज सकाळी उठून त्या बाईकडे कुठल्या तोंडाने बघायचं?

तर अशा दिवसांत रूथबाई साळवी शेजारच्या खाटेवर आल्या. प्राथमिक शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. बोलण्यात तो करडेपणा उरला होता. डाव्या हाताची नस निकामी झाल्यामुळे डॉक्टरांनी सुयांसाठी उजव्या हातात जागा केली होती, आणि तेव्हापासून त्यांच्या उजव्या हाताची बोटं गार पडून बधिर झाली होती. म्हणजे घरी दोन्ही हात मोकळे असले तरी कामाचा एकच, आणि तोही डावा.

“म्हणून तुमचा हात मागितला,” त्या म्हणाल्या. “तुमची बोटं बघितली होती मी. कारागिराची आहेत.”

डब्याचं काम मग दर खेपेला चाललं. आधी तुकडे कापायचे. कापलेल्या जागी प्लॅस्टिकचं जे टोक राहतं ते बारीक पॉलिशपेपरने घासायचं. मग नुसतेच एकमेकांना लावून बघायचे, बसतात का. चिकटवण्याच्या द्रवाचा वास डोक्यात जायचा, म्हणून शबाना सिस्टरांनी त्याची बाटली खोलीत आणायला बंदी घातली होती. त्यामुळे चिकटवणं बाईंच्या घरी आणि बाकी सगळं इथं. एका तुकड्याला दोन माणसांचे दोन हात लागत होते, त्यामुळे एकाला कंटाळा आला की दुसऱ्याला थांबावं लागे. पहिले काही दिवस आमची सारखी वादावादी व्हायची.

“दाबू नका हो. मोटार नाही ती.”

“तुम्ही तिरकं घासताय बाई.”

“मी सरळच घासतेय. तुम्ही तिरके पडलाय.”

डबा माझ्या तळहाताएवढा होणार होता. खोक्यावरच्या चित्रात तो विलायतेतल्या कुठल्याशा डोंगरातल्या गाडीचा होता, फिकट राखाडी रंगाचा. बाईंनी ते चित्र उलटं करून ठेवलं.

“आपण आपल्याकडचा करायचा. तुम्ही कुठले?”

“आरगचा.”

“मग तुम्हाला छोटी गाडी ठाऊक असणार.”

ठाऊक म्हणजे काय! आमच्या गावावरूनच ती मिरजेला यायची. हायस्कूलला मी तिच्यातूनच आलो. चढावर ती इतकी हळू व्हायची की पोरं खाली उतरून शेतातले हरभऱ्याचे ढाळे उपटून पुन्हा चढायची. मी हे सांगितलं आणि माझ्या लक्षात आलं की कित्येक महिन्यांत मी दुखण्याशिवाय दुसरं काही सलग बोललो नव्हतो.

“मालडब्यांचा रंग कसा होता?” बाईंनी विचारलं.

“ग्रिलला रेड ऑक्साईड लावतात ना, तसा. पण उन्हाने उडालेला.”

“बरोबर. आमचे मिस्टरपण तेच म्हणतात. त्यांना नवाकोरा डबा आवडत नाही. म्हणतात, माल वाहिलेला दिसला पाहिजे.”

रंग पाण्यात कालवायचा होता, त्याला वास नव्हता, त्यामुळे तो खोलीत चालला. बाटलीच्या झाकणात तांबडा, त्यात थेंबभर काळा. मी डबा धरायचो आणि त्या ब्रश फिरवायच्या, कधी त्या धरायच्या आणि मी फिरवायचो. पातळ हात एक, तो वाळला की दुसरा. मग फळ्यांच्या खाचांतून जवळजवळ पाण्यासारखा काळपट रंग सोडायचा आणि वरचा कापसाने पुसून घ्यायचा, म्हणजे खाचा उठून दिसतात. कोरड्या ब्रशने कडांवर फिकट मातकट रंग नुसता टेकवल्यासारखा लावायचा. डाव्या हाताने बाईंना तेवढं जमत नव्हतं, मला जमलं. शेवटी मी दोन केसांच्या ब्रशने बाजूच्या फळीवर पांढऱ्यात ‘आरग’ लिहिलं, हमालाने खडूने खरडल्यासारखं. बाईंनी चष्मा वर सरकवून ते डोळ्यांजवळ नेऊन वाचलं.

“मिस्टरांना दाखवायला हवं हे,” त्या म्हणाल्या.

मला वाटलं, घरी गेल्यावर दाखवतील. ते आजारी असावेत, अंथरुणाला खिळलेले असावेत असा मी अंदाज बांधला होता, कारण बाईंना सोडायला-न्यायला कधी कुणी यायचं नाही. एक ठरलेला रिक्षावाला यायचा.

छप्पर तेवढं राहिलं होतं. ते साच्यातूनच जरा वाकडं आलं होतं. चिकटवताना दोन्ही टोकं खाली दाबून धरायला लागणार होती, पक्कं होईपर्यंत. “येत्या शुक्रवारी,” बाई म्हणाल्या. “सुया काढल्या की बाहेरच्या व्हरांड्यात बसू. तुमचे दोन हात लागतील.”

त्या शुक्रवारी डॉक्टर राउंडला आले. माझी फाईल बघितली, हसले आणि म्हणाले, “मगदूम, अभिनंदन! मिसेसचे सगळे रिपोर्ट उत्तम आलेत. तुमच्या दोघांच्या रक्ताचं क्रॉसमॅचही जुळलंय. आता तुम्ही मनाची तयारी करा.”

मी तिला कसल्याही तपासण्या करायला सांगितलं नव्हतं. माहेरी जाऊन येते म्हणून ती दोन-तीनदा बाहेर पडली होती, ती इथं येत होती. माझ्या अंगातून ऊब निघून गेल्यासारखं झालं. मशीन वाजायला लागलं. सिस्टर धावत आल्या, प्रेशर पडलं होतं, त्यांनी पाय वर करून सलाईन सोडलं. रूथबाई शेजारून काहीतरी म्हणत होत्या, मी ऐकलं नाही. सुया निघाल्यावर व्हरांड्यात थांबलो नाही. सरळ घरी आलो.

“कुणाला विचारून केलंस?” मी दारातूनच ओरडलो.

सन्मती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, “माझ्या अंगाचं मी बघितलं. तुम्हाला कशाला विचारू?”

“मला नकोय म्हणून सांगितलंय ना?”

“का नकोय ते सांगितलं नाही तुम्ही.”

मी ते याही वेळी सांगितलं नाही. म्हणालो, “मग ऐक. मंगळवारपासून मी जाणार नाही. किडनी नको, आणि डायलिसिसही नको. संपलं.”

तिचा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपली, तरी ती तशीच उभी राहिली.

रागाच्या भरात बोललो म्हणावं तर तसंही नव्हतं. ते बोलल्यावर मला हलकं वाटलं. मंगळवारी उठून आवरायचं नाही, वजनकाट्यावर उभं राहायचं नाही, सुया टोचून घ्यायच्या नाहीत. मी मंगळवारी गेलो नाही. दवाखान्यातून फोन आला, मी घेतला नाही. सन्मतीने घेतला आणि शबाना सिस्टरांना सगळं सांगून टाकलं. सन्मती समोर बसून रडली. मग रडायची थांबली आणि नुसती बघत राहिली. शुक्रवारीही गेलो नाही. तोवर चेहरा सुजला होता आणि आडवं झालं की छातीवर कुणी बसल्यासारखं व्हायचं. उशा रचून टेकून बसायचो. पोरीला तिच्या आत्याकडे पाठवून दिलं होतं.

शनिवारी दुपारी दारात रिक्षा थांबली. रिक्षावाल्याचा खांदा धरून रूथबाई उतरल्या. हातात जेवणाचा डबा होता. सन्मतीने त्यांना कधी बघितलेलं नव्हतं, पण माझ्या तोंडून नाव ऐकलं असणार.

“या बाई,” ती म्हणाली आणि बाजूला झाली.

बाई आत आल्या. माझ्याकडे एकदा नीट बघितलं. बरे आहात का, असला काही प्रश्न त्यांनी विचारला नाही. खुर्ची माझ्या खाटेला भिडवून बसल्या आणि जेवणाचा डबा उघडला. आत कापसात ठेवलेली वाघीण होती, आणि वेगळं काढलेलं छप्पर.

“मागच्या शुक्रवारी तुम्ही पळून गेलात. कालही आला नाहीत. हे माझ्याच्याने एकटीने होत नाही.”

“बाई, मला श्वास घेता येत नाही हो.”

“बोटांनी श्वास घ्यायचा नाहीये. धरा.”

मी धरली. त्यांनी सोबत आणलेल्या चिकटवण्याच्या द्रवाच्या बाटलीत ब्रश बुडवला आणि भिंतींच्या वरच्या काठावरून डाव्या हाताने फिरवत नेला. छप्पर ठेवलं. “दोन्ही टोकं दाबा. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही.”

मी दोन्ही हातांनी टोकं दाबून बसलो. आता उठून जाता येत नव्हतं, आणि डोळेही मिटता येत नव्हते. सन्मती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

“मिस्टर आले नाहीत?” काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं.

“आमचे मिस्टर जाऊन चार वर्षं झाली,” रूथबाई म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे बघितलं.

“छपराकडे बघा. सरकेल. ते कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. हे डबे त्यांचे. त्यांचा मित्र विलायतेहून पाठवायचा. ते गेले तेव्हा कपाटात बरेच खोके न उघडलेले राहिले होते.” बाईंनी चष्मा काढून पदराला पुसला. “मगदूम, माझ्या किडन्या आत्ता गेलेल्या नाहीत. पुष्कळ वर्षं झाली. तेव्हा मिस्टर म्हणाले, माझी घे. मी नको म्हणाले. तुमच्यासारखीच. त्यांना जेवायला वाढायचे आणि मी आत निघून जायचे.”

“मग?”

“मग ते एकदा फार चिडले. म्हणाले, तू मेल्यावर मी काय ह्या डब्यांशी बोलत बसू? तुला उपकार वाटतात, तर वाटू देत. मला घरात कुणीतरी भांडायला पाहिजे.” बाई जराशा हसल्या. “घेतली मी. सात वर्षं चालली. ते मध्येच गेले. ह्याच कामाला बसले होते, टेबलावरच मान टाकली. हार्ट. पाचव्या वर्षी.”

मी हिशेब करत राहिलो. पाचव्या वर्षी ते गेले, आणि किडनी सात वर्षं चालली.

“दफन करून आलो,” बाई म्हणाल्या. “घर पाहुण्यांनी भरलेलं. पहाटे मी उठले आणि बाथरूमला गेले. लघवी झाली आणि मग लक्षात आलं. माणूस मातीत होता आणि त्याची किडनी आपलं रोजचं काम करत होती. मी तिथंच बसून रडले. त्याच्याआधी मला रडूच आलं नव्हतं.”

सन्मतीने दाराची चौकट धरली होती.

“त्यानंतर दोन वर्षं चालली. मग ती थकली. ज्या दिवशी डॉक्टरांनी बंद पडली म्हणून सांगितलं, त्या दिवशी हे पुन्हा गेले असं वाटलं मला.” त्यांनी डावा हात उजव्या कुशीच्या खाली, ओटीपोटावर ठेवला. “काढत नाहीत ती. आहे इथंच.”

माझी बोटं दुखायला लागली होती. श्वासाचा घर्र असा आवाज मलाच ऐकू येत होता.

“पश्चात्ताप नाही झाला?” मी विचारलं. “एवढं करून शेवटी पुन्हा मशीनच.”

“सात वर्षं मशीनशिवाय जगले की मी. शाळेत शिकवलं. त्यांच्याशी भांडले.” मग म्हणाल्या, “दमले आहे मीपण, मगदूम. नाही असं सांगायला मी आलेली नाही. मधे मीही एकदा आठवडाभर गेले नव्हते. लोकांना वाटतं, झोपेत जाईल माणूस. तसं होत नाही. बसल्या जागी बुडायला होतं. ते तुम्हाला आजच कळायला लागलंय. तुम्हाला जायचंच असेल तर मी कोण अडवणार? पण जाताना ह्या बाईला का नको म्हणालात, तेवढं तरी सांगून जा. ते न सांगता जाऊ नका.”

त्यांनी खाली वाकून छपराच्या कडेला नख लावून बघितलं.

“धरलं. सोडा आता.”

मी हात काढले. छप्पर दोन्ही टोकांना बसलं होतं. बाईंनी वाघीण पुन्हा कापसात गुंडाळली, जेवणाच्या डब्यात ठेवली आणि खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठल्या. सन्मतीने त्यांना चहा विचारला. “मला मोजूनच पाणी प्यायचं असतं, आजचा वाटा संपलाय गं,” त्या म्हणाल्या आणि तिच्या गालाला हात लावून रिक्षात जाऊन बसल्या.

रिक्षेचा आवाज गेल्यावर सन्मती खाटेच्या पायथ्याशी येऊन बसली. मला सगळं बोलायचं होतं, पण दम पुरत नव्हता. तुकड्यातुकड्यांनी बोललो. तुला काही झालं तर पोरीचं काय, ते बोललो. मग तेही बोललो, की रोज तुझ्या तोंडाकडे बघताना मला ते आठवणार, तुझ्यावर चिडायचा हक्क माझा जाणार, मी तुझा कायमचा मिंधा होणार.

ती ऐकत होती. माझं झाल्यावर म्हणाली, “एवढंच?”

“हे काय कमी आहे?”

“चिडा की. कोण नको म्हणतंय? मी काय गप्प ऐकून घेणारेय?”

मला हसू आलं, त्याचा खोकला झाला. ती पाठीवरून हात फिरवत राहिली.

“एक विचारू?” मी म्हणालो. “तुला खरंच द्यायचीय? का सगळे म्हणतील म्हणून?”

“आजपर्यंत हे मला कुणी विचारलंच नव्हतं,” ती म्हणाली. “तुम्ही नको म्हणत होता, आई देऊ नको म्हणत होती, तुमची बहीण दे म्हणत होती. मला फार भीती वाटते. भूल देणार, कापणार. ह्या महिन्यात दोनदा स्वप्नात रडत उठले. तरी द्यायचीय.”

मी तिला रिक्षा आणायला सांगितलं. दवाखान्यात शबाना सिस्टरांनी मला बघितलं आणि शिव्याच घातल्या, सभ्य भाषेत, मशीन लावता लावता. पुढे कित्येक खेपा अंगातलं पाणी काढण्यातच गेल्या.

त्यानंतर रूथबाईंनी आणखी एक खोका आणला, तो आम्ही निम्मा जोडला. मला ऑपरेशनसाठी पुण्याला जायची तारीख मिळाली, तेव्हा त्यांना माझ्या जागी दुसरा हात शोधावा लागला. तो एक कॉलेजातला मुलगा होता, आणि तो फार घाईने कापतो अशी त्यांची तक्रार मला फोनवर ऐकायला मिळायची. दीड वर्षाने त्या गेल्या. त्यांच्या भावाने बाकीचे खोके त्या मुलाला दिले, असं कळलं. मला बरं वाटलं.

पण ते नंतरचं. आधी ऑपरेशन झालं. सन्मतीला सकाळी आत नेलं, मग मला. जाताना आम्हाला शेजारी शेजारी थोडा वेळ ठेवलं होतं. ती म्हणाली, “गॅस बंद केला होता ना?” मी म्हणालो, “केला होता.” तेवढंच बोलणं झालं.

शुद्ध आली तेव्हा संध्याकाळ असावी. घसा कोरडा होता, पोटाच्या उजव्या बाजूला ठणका होता, आणि सगळं लांबून ऐकू येत होतं. कुणीतरी माझं नाव घेत होतं. तोंडाला मास्क बांधलेली एक तरुण नर्स वाकली होती.

“मगदूम, ऐकू येतंय? तिकडून तुमच्या मिसेसचा तिसऱ्यांदा निरोप आलाय. आम्हाला कामच करू देत नाहीत. विचारतायत, चालतेय का?”

मी मान वळवली. खाटेच्या कडेला लघवीची पिशवी लटकत होती. नळीतून थेंब पडत होते, एकामागून एक, आणि पिशवी निम्म्याच्या वर भरली होती.

“चालतेय म्हणून सांगा,” मी म्हणालो. “आणि म्हणावं, आता झोप.”